घरातील जुने आवाज, छायाचित्रे आणि कागद: जतनाचे काम कोठून सुरू करावे?

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतात. त्यांना दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्यांच्या पंचाहत्तरी उलटलेल्या आई रत्नागिरीच्या घरी राहतात. तेथील कपाटात काळ्या पानांचे अल्बम, निगेटिव्हची पाकिटे, दिवंगत वडिलांच्या आवाजाच्या काही कॅसेट्स, जुनी पत्रे आणि लग्नाच्या सीडी आहेत; पुण्यात तीन फोनांमध्ये मुलांची हजारो छायाचित्रे विखुरलेली आहेत. या साऱ्यासाठी कोणती हार्ड डिस्क घ्यावी, की सगळे क्लाउडवर ठेवावे, आणि आणखी वीस-पंचवीस वर्षांनी मुलांच्या हाती ते वाचता येईल अशा स्थितीत कसे पडेल, असे त्यांनी विचारले आहे.

मी दीर्घकाळ माहितीच्या साठवणुकीचे काम करत आलो आहे आणि दोन मुलांचा बाप आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या व्यवसायाचाही आहे आणि घराचाही. माझे उत्तर एका क्रमावर उभे आहे: जे आधी नाहीसे होणार आहे ते आधी हाती घ्यावे. आपण तंत्रज्ञ मंडळी सवयीने यंत्रापासून सुरुवात करतो, क्षमतेचे आकडे काढतो, आणि डिस्क घरी आल्यावर निम्मे काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात डिस्क आज घेतली काय किंवा सहा महिन्यांनी घेतली काय, फारसे बिघडत नाही. अल्बममधील चेहरे ओळखणारी आणि त्या पत्रांमागील प्रसंग जाणणारी व्यक्ती मात्र या सगळ्या संग्रहातील सर्वांत नाजूक दुवा असते. ज्या छायाचित्रातील एकही माणूस कोणाला सांगता येत नाही, ते कितीही स्पष्ट स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवले तरी घराच्या दृष्टीने हरवलेलेच असते.

म्हणून पहिले काम आपल्या मातोश्रींसोबत बसण्याचे आहे, आणि त्यासाठी फोनवरील ध्वनिमुद्रण, एक वही आणि मऊ शिसपेन्सिल एवढे पुरते. स्कॅनिंग त्याच भेटीत करू नये. यंत्र मांडले की सगळ्यांचे लक्ष यंत्राकडे जाते, बोलणे तुटते, आणि ज्यांच्याकडून ऐकायचे त्या बाजूला पडतात. दुपारी जेवणानंतर पाऊण तासाच्या बैठका कराव्यात, पंखा शक्य असेल तर बंद ठेवावा, फोन घडी केलेल्या कापडावर त्यांच्याजवळ ठेवावा, आणि मुद्रण चालू आहे हे त्यांना आधी सांगावे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे मोठ्याने उच्चारावीत. पुढे फाइलचे नाव बदलले किंवा तारीख पुसली गेली तरी ही ओळख आवाजातच राहते. प्रश्न शक्यतो नातवंडांनी विचारावेत. आपण विचारले तर आई "अरे, तुला माहीतच आहे" म्हणून पुढे जातात. दहा वर्षांच्या नातीला मात्र त्या पहिल्यापासून सांगतात, आणि आपल्याला हवे असते ते नेमके तेच पहिल्यापासूनचे सांगणे.

नावे उतरवून घेताना एक शिस्त अत्यंत आवश्यक आहे. आपल्या घरांत माणसे नात्याने ओळखली जातात, आणि नाते बोलणाऱ्याप्रमाणे बदलते. आपल्या वडिलांची आत्या ही आपल्या मुलीची कोण, हे सांगताना घरातली माणसेही क्षणभर थांबतात. "आत्या, दापोलीला" एवढेच लिहिले तर ते लिहिणाऱ्याच्या हयातीपुरतेच अर्थपूर्ण राहते. म्हणून प्रत्येक व्यक्तीचे पूर्ण नाव लिहावे, त्यासोबत घरात हाक मारण्याचे नाव लिहावे, आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव व आडनाव आणि सासरचे नाव व आडनाव अशी दोन्ही नोंदवावीत. पूर्वी लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत असे. त्यामुळे एकाच स्त्रीची बालपणीची आणि संसारातली छायाचित्रे दोन वेगळ्या व्यक्तींची ठरून वेगळी पडतात, आणि अनेक घरांच्या वंशावळींत तर स्त्रीचे माहेरचे नाव लिहिलेलेच नसते. ही उणीव भरून काढण्याची संधी आपल्या पिढीकडे आहे. ज्यांना ती नावे आठवतात अशा आज्या, मावश्या आणि आत्या अजून आहेत, आणि त्यांच्याकडून ती लिहून घेण्यात दिरंगाई करू नये असे मला फार मनापासून वाटते.

तारखांचेही असेच आहे. वृद्ध माणसे सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. पानशेत फुटले त्या पावसाळ्यात, कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, मोठ्या दुष्काळाच्या साली, आणीबाणी लागली तेव्हा, कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमारास. यांतील बहुतेक प्रसंगांची तारीख पक्की आहे: पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, आणीबाणी २५ जून १९७५, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ते २६ जानेवारी १९९८. तरीही नोंद करताना त्यांचे शब्द जसेच्या तसे एका रकान्यात लिहावेत आणि आपण काढलेला सन दुसऱ्या रकान्यात "अंदाजे" असे म्हणून लिहावा. आपला हिशेब चुकला असेल तर पुढच्या माणसाला मूळ आधार सापडतो. छायाचित्राच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही उतरवावा. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापून आलेल्या तारखेवर मात्र डोळे झाकून विसंबू नये, कारण सेल बदलल्यावर कॅमेऱ्यातील तारीख पुन्हा लावायची अनेकदा राहून जात असे.

दुसऱ्या क्रमांकावर कॅसेट्स येतात. चुंबकीय फीत आणि तिच्यावरील लेप यांचे आयुष्य मर्यादित असते, कोकणातील दमट हवेत बुरशी लवकर धरते, आणि चांगल्या स्थितीतील कॅसेट डेक व ते दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही दुर्मिळ होत चालले आहेत. कॅसेट हातात घेतल्यावर सर्वप्रथम तिच्या मागच्या कडेची दोन छोटी प्लास्टिकची पाती मोडावीत, म्हणजे चुकून त्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. फितीला दाबून धरणारा छोटा स्पंज निघालेला असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या, स्क्रू असलेल्या कवचात बसवता येते. बाकीच्या कॅसेट्स एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्याव्यात, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो.

संगणकाला थेट जोडता येणारे जे स्वस्त कॅसेट प्लेअर मिळतात त्यांच्या नादी न लागता नातेवाइकांत किंवा परिचितांत कोणाकडे जुना चांगला डेक आहे का ते शोधावे. त्याचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, आणि डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या ध्वनिकार्डाच्या लाइन-इनमध्ये आवाज घ्यावा. ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. मुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर, वेव्ह स्वरूपात करावे. असे एक तासाचे स्टीरिओ मुद्रण साधारण एक गिगाबाइट जागा घेते, म्हणजे नव्वद मिनिटांची पूर्ण कॅसेट दीड गिगाबाइटमध्ये मावते. वडिलांच्या आवाजासाठी ही जागा वाचवण्याचे काहीच कारण नाही. एमपी३ प्रत ऐकण्यासाठी आणि भावंडांना पाठवण्यासाठी वेगळी करावी. मूळ मुद्रणावर खरखर काढण्याचे कोणतेही साधन वापरू नये, कारण आज जी साधने आहेत त्यांपेक्षा चांगली पुढे येतील, पण एकदा कापून टाकलेले ध्वनितरंग परत येणार नाहीत.

कॅसेटची संपूर्ण बाजू सलग उतरवावी आणि मधला भाग निरुपयोगी म्हणून गाळू नये, असा माझा आग्रह आहे. घरगुती कॅसेट्समध्ये रेडिओवरून घेतलेली गाणी असतात, त्यांच्या मध्येच कोणीतरी बटण दाबून बोललेले असते, मागे कुकरची शिट्टी असते, अंगणातल्या कोणाला तरी मारलेली हाक असते. गाणे आज कोठेही मिळेल. ती हाक दुसरीकडे कोठेच नाही. माझ्या मुलांनी आपल्या पणजोबांना कधी पाहिले नाही, पण अशाच एका मुद्रणातले त्यांचे खोकणे आणि "झाला का चहा?" हे विचारणे मुलांना ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा त्या तीन शब्दांमुळे ते मुलांना अधिक जवळचे वाटतात.

लग्नाच्या सीडी आणि डीव्हीडी यांची निकडही कॅसेट्सइतकीच आहे, कारण घरी किंवा स्टुडिओत मुद्रित केलेल्या तबकड्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि उष्णता व प्रकाशाने तो बिघडतो. एका ड्राइव्हने तबकडी वाचली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी; पुष्कळदा वाचली जाते. खराब भाग असलेल्या तबकडीसाठी डीडीरेस्क्यू हे साधन आपल्यासारख्या माणसाला अवघड नाही. तबकडीतील सर्व फोल्डर आहेत तसे उतरवावेत आणि पाहण्यासाठी एमपी४ प्रत स्वतंत्र करावी. व्हीएचएस कॅसेट असतील तर त्या सरळ व्यावसायिकाकडे सोपवाव्यात.

कागदांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ठासून सांगतो. जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, जन्मपत्रिका किंवा मोडीतील कागद लॅमिनेट करू नयेत. उष्णता आणि प्लास्टिक दोन्ही कागदाला मारक आहेत, आणि ती प्रक्रिया उलटवता येत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड काढला, तो आणि त्यानंतरचे पुष्कळसे काम खासगी घरांच्या दप्तरांतून मिळालेल्या कागदांवर उभे आहे. आपल्या घरातील कागद इतिहासाला उपयोगी पडतील की नाही हे आज ठरवता येत नाही, म्हणून वाचता येत नाहीत या कारणाने ते रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारे जाणकार आहेत, आणि त्या लिपीला २०१४ पासून युनिकोडमध्येही स्थान मिळालेले आहे.

याच संदर्भात संगणकावरील जुन्या मराठी मजकुराचा विचार करावा. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे घरोघरी आणि छापखान्यांत शिवाजी, श्री-लिपी यांसारख्या फाँटमध्ये मजकूर टाइप होत असे. त्यात अक्षरे युनिकोडच्या क्रमांकांनी साठवलेली नसून रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्यामुळे, फाँट नसलेल्या संगणकावर वडिलांचा लेख उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. अशा फाइली सापडल्या तर त्या पुसू नयेत. मूळ फाँट मिळवून प्रथम पीडीएफ करावी, म्हणजे दिसणारे रूप टिकेल. नंतर रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणून रफार, अर्धा र, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, कारण रूपांतरात चुका बहुधा तेथेच होतात.

छायाचित्रांचे स्कॅनिंग त्या मानाने शांतपणे, आठवड्याला एक अल्बम अशा गतीने करता येते. छापील छायाचित्रासाठी ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० बिंदू, पुरेसे आहे. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र त्यात २४०० बाय ३६०० बिंदूंचे होते, आणि साध्या छापील प्रतीत त्याहून अधिक तपशील क्वचितच असतो. निगेटिव्ह असतील तर ती अधिक मोलाची, कारण छापील प्रत ही तिच्यावरूनच काढलेली असते. पस्तीस मिलिमीटरची चौकट ३२०० डीपीआयवर घेतल्यास साधारण ४५०० बाय ३००० बिंदू मिळतात. निगेटिव्हच्या पाकिटातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म विघटन पावू लागली आहे असे समजून ते पाकीट सर्वांत आधी उरकावे आणि बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे. चिकट पानांच्या अल्बममधून छायाचित्र सहज सुटत नसेल तर ओढू नये. खिडकीच्या आडव्या, सौम्य उजेडात पानाचेच छायाचित्र घ्यावे. मागची बाजू कोरी नसेल तर तीही स्कॅन करावी. नव्याने काही लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनची खूण पुढून उठून दिसते.

स्कॅनरमधील रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवावी. अस्पष्ट चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेने स्पष्ट करून देणाऱ्या सेवांविषयी तर माझे मत अगदी ठाम आहे. त्या सेवा हरवलेला तपशील शोधत नाहीत, कारण तो तेथे नसतोच. त्या शिकलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून एक संभाव्य चेहरा रंगवतात. पणजीच्या जागी पणजीसारखी दिसणारी दुसरीच स्त्री अल्बममध्ये बसते, आणि दोन पिढ्यांनी तीच खरी ठरते. हौस म्हणून अशी प्रत केली तर तिच्या नावातच तसे स्पष्ट लिहावे आणि मूळ प्रतीशेजारीच ठेवावी.

आता फोनांतील छायाचित्रांकडे येऊ. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून आलेले छायाचित्र हे मूळ छायाचित्र नसते. पाठवताना ते आकसते, आणि त्यातील एक्झिफ माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, वेळ, स्थान, कॅमेरा, निघून जाते. लग्नकार्यात भावाने काढलेली चांगली छायाचित्रे हवी असतील तर त्याच्याकडून ती डॉक्युमेंट म्हणून मागवावीत किंवा फोन केबलने जोडून घ्यावीत. स्वतःच्या फोनातील छायाचित्रेही केबलने मूळ स्वरूपात उतरवावीत. २०१७ पासून आयफोन ज्या एचईआयसी स्वरूपात छायाचित्रे ठेवतात ते बदलण्याची घाई करू नये, मूळ फाइल तशीच ठेवून लागेल तेव्हा जेपीईजी प्रत काढावी. निवड मात्र दर महिन्याला करावी. वाढदिवसाची एकसारखी चाळीस छायाचित्रे मुलांना वारसा म्हणून देणे म्हणजे निवडीचे काम त्यांच्यावर ढकलणे होय. ती मुले तेव्हा आपापल्या संसारात असतील, आणि कोणत्या छायाचित्रात आजी खरेच हसली होती हे त्यांना ठाऊक नसेल.

काय टिपावे, याविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपण सण, सहली आणि स्नेहसंमेलने टिपतो, पण मुलांचे बालपण मुख्यतः इतर दिवसांत घडते. शाळेच्या बसची वाट पाहणे, पाढे म्हणताना एकोणतीसच्या पाढ्यावर अडखळणे, रात्री झोपण्यापूर्वी बहीण-भावाची चाललेली कुजबुज, आजीच्या स्वयंपाकघरातली फडताळाची मांडणी, दारावरची नावाची पाटी, जिन्यातल्या चपला, हे सारे कोणी टिपत नाही आणि घर बदलले की एका दिवसात नाहीसे होते. मी महिन्यातून एखाद्या साध्या दिवसाची काही छायाचित्रे आणि दोन-तीन मिनिटांचा आवाज असा संग्रह ठेवतो, आणि माझी मुले तोच सर्वांत अधिक वेळा उघडून पाहतात. घरातील कॅमेरा जो धरतो तो स्वतः छायाचित्रांत नसतो, म्हणून मधूनमधून तो पत्नीच्या आणि मुलांच्याही हाती द्यावा.

फाइलींची नावे तारखेपासून सुरू करावीत, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि इंग्रजी अंकांत, म्हणजे कोणत्याही यंत्रावर ती कालक्रमाने लागतात. पुढे ठिकाण आणि प्रसंग देवनागरीत लिहायला आज काहीच अडचण नाही. फक्त नाव आटोपशीर ठेवावे, कारण लिनक्ससारख्या प्रणालींत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा-वेलांटीसह, तीन बाइट घेते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे बसतात. माणसांची नावे आणि प्रसंगाची माहिती फाइलच्या आतच लिहिली जाईल असे साधन निवडावे. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर हे करते. त्यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये माहिती फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. क्लाउड सेवेत चेहऱ्यांना दिलेली नावे प्रामुख्याने त्या सेवेच्या खात्यात राहतात, आणि सगळे उतरवून घ्यायला गेल्यास छायाचित्रांसोबतची बरीच माहिती वेगळ्या फाइलींत येते, जी पुन्हा जुळवणे कष्टाचे असते. याखेरीज प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी आणि तिच्यात आईने सांगितलेले सारे लिहावे. साधा युनिकोड मजकूर कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसतो.

आणि आता डिस्कचा प्रश्न. आमच्या क्षेत्रात रूढ असलेला नियम घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी. आपल्यासाठी याचा अर्थ दोन बाह्य हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. एक डिस्क पुण्यात, दुसरी रत्नागिरीत, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. प्रत्येक सुट्टीत जाताना ताजी घेऊन जावी आणि तेथील परत आणावी. दोन्ही डिस्क काम झाल्यावर काढून ठेवाव्यात, कारण सतत जोडलेली डिस्क विजेचा धक्का आणि खंडणीखोर विषाणू या दोहोंच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. पेन ड्राइव्हवर दीर्घकाळची मदार ठेवू नये. एका डिस्कवरचे सारे दुसरीवर आपोआप उतरवणारा, दोन डिस्क असलेला घरगुती सर्व्हर घेण्याचा मोह आपल्याला होईल. तो जरूर घ्यावा, पण त्यातील दोन डिस्क मिळून एकच प्रत धरावी, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते.

क्लाउड ही उत्तम तिसरी प्रत आहे, पण एकमेव प्रत होऊ शकत नाही. गूगल फोटोजची मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आणि १५ गिगाबाइटची मर्यादा लागू झाली, ती ईमेलसह सर्वांत वाटलेली आहे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरणही त्या कंपनीने २०२३ साली जाहीर केले. अटी बदलणे हा त्यांचा अधिकार आहे, आणि म्हणूनच आपली प्रत आपल्या हाती असावी. शिवाय फोनशी समक्रमित असलेल्या खात्यात फोनवर पुसलेले छायाचित्र तेथूनही जाते.

कूटबद्धीकरणाबाबत, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती ठेवण्याबाबत, माझे मत आमच्या व्यवसायातील नेहमीच्या सल्ल्यापेक्षा वेगळे आहे. आधार, मालमत्ता, बँक यांचे कागद वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावेत. कौटुंबिक छायाचित्रांची डिस्क मात्र उघडी ठेवावी आणि विंडोज व मॅक दोन्हींवर उघडेल अशी एक्सफॅट पद्धतीने सज्ज करावी. ती चोरीला जाण्यापेक्षा तिचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसण्याची शक्यता घरात कितीतरी अधिक असते.

वर्षातून एकदा तपासणी हवी. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, आणि माझ्या घरी डिस्कही त्या दिवशी पाटावर मांडल्या जातात. पूजेआधी त्या जोडून, फाइलींच्या नोंदवून ठेवलेल्या एसएचए-२५६ खुणा (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या मजकुरावरून काढलेला आकडा) पुन्हा काढून ताडून पाहिल्या जातात आणि मुले आपल्या आवडीच्या वर्षातील काही फाइली उघडून बघतात. डिस्क चार-पाच वर्षांची झाली की नवी घेऊन जुनीवरून उतरवावे.

तंत्रज्ञ बापाच्या घरातील सर्वांत मोठा धोका मात्र डिस्कमध्ये नसतो. सगळे फक्त त्यालाच ठाऊक असते, हा तो धोका होय. म्हणून एका कागदावर, साध्या मराठीत, काय कोठे आहे, कोणत्या खात्यात आहे आणि कसे उघडायचे हे लिहून तो विम्याच्या आणि घराच्या कागदांसोबत ठेवावा. गूगलच्या खात्यात निष्क्रियतेनंतर कोणाला प्रवेश द्यावा हे ठरवण्याची सोय आहे, आयफोनमध्ये वारस संपर्क नेमता येतो. दोन्हींत पत्नीचे नाव आजच घालावे. मग एके दिवशी आपण शेजारच्या खोलीत बसावे आणि पत्नीने केवळ त्या कागदावरून मुलीच्या बारशाची छायाचित्रे शोधून काढावीत. जेथे त्या अडतील तेथे कागद दुरुस्त करावा, आणि त्या विनाप्रश्न पोहोचेपर्यंत ही व्यवस्था पूर्ण झाली असे मानू नये.

शेवटी मुलांच्या संमतीविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर पालकांची संमती घेण्याचे बंधन आहे. घरगुती वापराला मात्र तो कायदा लागू नाही. त्यामुळे घरातला विवेक आपल्यालाच दाखवावा लागतो. आंघोळीची, आजारपणाची, रडण्याची छायाचित्रे नातेवाइकांच्या गटांत टाकू नयेत. बाहेर पाठवण्याच्या छायाचित्रांतून घराचे व शाळेचे स्थान आधी काढून टाकावे. आपली मुलगी दहा वर्षांची आहे, म्हणजे तिला विचारण्याचे वय झालेले आहे. संग्रहात तिच्यासाठी एक वेगळे फोल्डर करावे, त्यात काय राहावे आणि काय इतरांना दिसावे हे तिने सांगावे, आणि एखादे छायाचित्र नको म्हणाली तर कारण न विचारता ते बाजूला काढावे. धाकट्यासाठीही आणखी चार वर्षांनी हेच करावे.